तोबियाबरोबर निघालेला कुत्रा



मागील लेखात आपण मुलांच्या झोपेविषयी विचार केला होता. तो वाचून बऱ्हाणपूर जिल्ह्यातील एका खेड्यातील मातेने आम्हांला पत्र पाठविले आहे. पत्रातील मजकूर थोडक्यात असा. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. मुलगा शाळेतून आला की मोबाईल घेऊन खाटेवर पडतो, तो जेवणाची हाक येईपर्यंत उठत नाही. मुलगी घरकामाला हात लावते, परंतु अंगणाबाहेर तिचे पाऊल पडत नाही. गेल्या महिन्यापासून दोघांनी एकच धोशा लावला आहे. शेजारच्या मळ्यातील कुत्रीला पिल्ले झाली आहेत, त्यांतील एक आपण आणायचेच. वडील राजी आहेत. आजीचा मात्र ठाम नकार आहे. तिच्या लहानपणी तिचा पाठचा भाऊ पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गेला. त्याचे अखेरचे दिवस तिने पाहिले आहेत. "माझ्या जिवात जीव आहे तोवर या घरात कुत्रं येणार नाही," असे ती म्हणते. माता विचारते, मी कोणाचे ऐकू?

पत्र वाचून आम्ही बराच वेळ विचार करीत बसलो. कारण या घरात मुलांचे म्हणणे खरे आहे आणि आजीचेही म्हणणे खरे आहे. एकाला गप्प बसवून दुसऱ्याचा हट्ट पुरविल्याने हा प्रश्न सुटावयाचा नाही. म्हणून आजचा लेख या प्रश्नालाच देत आहोत. असा प्रश्न पुष्कळ घरांत निघत असेल, त्यांनाही तो उपयोगी पडावा.

आरंभ पवित्र शास्त्रातील एका गोष्टीने करू. जुन्या करारात तोबित नावाच्या भक्ताचा ग्रंथ आहे. निनवे शहरात परदेशवासात राहणारा हा सत्पुरुष म्हातारपणी आंधळा झाला. दूर मेदिया देशात ठेवलेले आपले द्रव्य आणण्यासाठी त्याने तोबिया नावाच्या आपल्या एकुलत्या एका मुलास पाठविले. वाट लांबची, मुलगा अननुभवी. देवाने राफाएल या देवदूतास वाटाड्याच्या रूपाने त्याच्याबरोबर दिले. आणि ग्रंथकार अगदी सहजपणे सांगतो की मुलाचा कुत्राही त्यांच्यामागून निघाला. परतीच्या वेळी पुन्हा त्या कुत्र्याचा उल्लेख येतो. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तर तो पुढे धावत आला आणि शेपूट हलवून आपला आनंद दाखवू लागला, असे वर्णन आहे. सबंध ग्रंथात या मुक्या प्राण्याचे याहून अधिक काम नाही. तो फक्त मुलाबरोबर गेला आणि मुलाबरोबर परत आला.

परंतु या गोष्टीतील एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. राफाएल या नावाचा अर्थ 'देव बरे करतो' असा आहे. माशाचे पित्त घेऊन बापाच्या डोळ्यांवर कोणते औषध करावयाचे, हे तोबियास त्यानेच शिकविले. म्हणजे त्या मुलाच्या एका बाजूस औषध जाणणारा देवदूत होता आणि दुसऱ्या बाजूस कुत्रा होता. दोघांपैकी एकच असता तर? नुसता कुत्रा घेऊन निघालेल्या मुलाची आईने काळजीच केली असती. मुलांना कुत्र्याचा सोबती द्यावयाचा असेल, तर त्या सोबत्याबरोबर राफाएलही घरात आला पाहिजे, असे आम्हांला वाटते. याचा अर्थ पुढे उलगडेल.

प्रथम मुलांची बाजू पाहू. आपल्या तापीकाठी कुत्रा हा काही नवा प्राणी नव्हे. केळीच्या बागेत रानडुकरे शिरू नयेत म्हणून रात्री भुंकणारा, खकनार आणि नेपानगर या बाजूंच्या डोंगरांत गुराख्यांच्या आणि मेंढपाळांच्या मागे चालणारा, खळ्यावर धान्याच्या राशीपाशी पडून राहणारा गावठी कुत्रा आपण सर्वांनीच पाहिला आहे. पूर्वीच्या मुलांना व्यायाम करा, असे कोणी सांगत नसे. शाळा पायी, शेत पायी, विहीर पायी; गुरे सोडणे, शेळी चारणे, चिंचा पाडणे, यातच दिवस जाई. आज शाळेला रिक्षा आहे, पाण्याला नळ आहे आणि हातात मोबाईल आहे. सोय झाली ही चांगलीच गोष्ट आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु मुलाचे शरीर मात्र जुन्याच नियमांनी घडते. ते धावल्याशिवाय बळकट होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी असे सांगितले आहे. शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारी, म्हणजे उड्या मारण्यासारखी, चढण्या-उतरण्यासारखी, जोराने धावण्यासारखी हालचाल असावी. एक तास! ऐकावयास तो थोडा वाटतो. परंतु आपल्या मुलाने काल तो भरला का, हे प्रत्येक आईबापाने आज रात्री मनाशी मोजून पाहावे.

हा तास भरावा कसा? "ऊठ, बाहेर जा, खेळ," असे सांगून मुले उठत नाहीत. सांगणारा थकतो आणि घरात कटकट मात्र वाढते. येथे कुत्र्याचा उपयोग आहे. कुत्र्याला सबब समजत नाही. सकाळ झाली की तो दाराशी येऊन उभा राहतो. आज कंटाळा आला आहे, आज परीक्षा आहे, आज पाहुणे आहेत, हे त्याला कसे कळावे? मुलगा उठून बाहेर पडला की तो पुढे धावतो, थांबतो, मागे वळून पाहतो, पुन्हा धावतो. काठी फेकली की आणून देतो आणि पुन्हा फेक म्हणून समोर बसतो. या खेळात मुलगा वाकतो, वळतो, पळतो, हसतो. आपण व्यायाम करीत आहोत हे त्याच्या गावीही नसते, आणि म्हणून तो उद्याही करतो.

हे केवळ आमचे मत नव्हे. पश्चिम ऑस्ट्रेलियात दोन ते पाच वर्षांच्या सुमारे ६०० मुलांचा तीन वर्षे मागोवा घेण्यात आला. मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारे लहानसे यंत्र बांधून त्यांच्या दिवसाची नोंद केली गेली. त्याचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. या तीन वर्षांत ज्या घरांत नवा कुत्रा आला, त्या घरांतील मुलींची हलकी हालचाल कुत्रा नसलेल्या घरांतील मुलींच्या मानाने दिवसाला सुमारे ५२ मिनिटांनी वाढलेली आढळली. याउलट ज्या घरांतला कुत्रा गेला, तेथील मुलींची हालचाल दिवसाला सुमारे ६२ मिनिटांनी घटली. इंग्लंडमध्येही नऊदहा वर्षांच्या दोन हजारांवर मुलांची अशीच मोजदाद झाली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कुत्रा असलेल्या घरांतील मुले अधिक चालती-फिरती आढळली, मात्र हा फरक माफक होता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कुत्रा आला म्हणजे मुले आपोआप धष्टपुष्ट होतात, असे यावरून कोणी समजू नये. साखळीने दिवसभर खांबाला बांधलेला कुत्रा मुलाला एक पाऊलही चालवीत नाही. उलट बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि मुलांना त्याच्यापासून धोकाच अधिक असतो. लाभ होतो तो कुत्र्याबरोबर घालविलेल्या वेळाचा. कुत्रा नुसता घरात असून भागत नाही.

वर सांगितलेल्या अभ्यासात मुलींच्या बाबतीत आढळलेला फरक आपल्याला विचार करावयास लावणारा आहे. आपल्या खेड्यांतून मुलगा निदान क्रिकेट तरी खेळतो. मुलगी आठदहा वर्षांची झाली की तिचे खेळणे संपते. भांडी, झाडलोट, धाकटे भावंड, एवढ्यात तिचे बालपण सरते. घरकाम हे श्रमाचे असते, परंतु ते वाकून, बसून, चार भिंतींच्या आत करावयाचे काम आहे. मोकळ्या हवेत छाती भरून धावणे तिच्या वाट्याला येत नाही. तिला बाहेर पाठवावयास आई कचरते, आणि त्याला कारणही आहे. अशा वेळी भावाबरोबर किंवा मैत्रिणींबरोबर सकाळी कुत्र्याला फिरवून आणण्याचे काम तिच्याकडे सोपविले, तर तिला बाहेर पडण्यास निमित्त मिळते आणि बरोबर सोबतीही मिळतो. पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमची विनंती आहे की पिल्लू आले तर ते मुलाचे म्हणून आणू नका. ते दोघांचे असू द्या, आणि सकाळची फेरी मुलीकडे द्या.

मोकळ्या उजेडात राहण्याचे आणखीही लाभ आहेत. चीनमधील ग्वांगझू शहरात काही शाळांतील लहान मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ बाहेर पाठविण्यात आले. तीन वर्षांनी पाहिले, तेव्हा त्या मुलांत लांबचे अंधुक दिसण्याचा दोष इतर शाळांतील मुलांपेक्षा कमी प्रमाणात उद्भवला होता. हा अभ्यास २०१५ सालचा आहे. अगदी तान्ह्या मुलांविषयीही काही पाहण्या झाल्या आहेत. फिनलंडमधील सुमारे ४०० बालकांच्या पाहणीत, ज्या घरांत कुत्रा होता तेथील बालकांना पहिल्या वर्षात श्वसनमार्गाचे विकार कमी झाल्याचे २०१२ साली नमूद झाले. स्वीडनमधील फार मोठ्या पाहणीत, पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांना शाळेच्या वयात दमा होण्याचा संभव सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळला. परंतु ज्या मुलाला आधीच दमा आहे किंवा प्राण्यांच्या केसांनी त्रास होतो, त्याच्यासाठी कुत्रा हे औषध नव्हे. तेथे आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि मनाचे आरोग्य? संत डॉन बॉस्को यांच्या चरित्रातील करड्या रंगाचा कुत्रा आपल्या वाचकांस ठाऊक असेल. ट्युरिन शहराच्या अंधाऱ्या वाटांवर या संताच्या जिवावर टपलेले लोक होते, तेव्हा तो कुत्रा कोठून तरी येई आणि त्यांना सुखरूप घरी पोहोचवी. त्यांनी त्याचे नाव 'ग्रीजो' म्हणजे 'करडा' असे ठेवले होते. एवढा धिप्पाड प्राणी, परंतु आश्रमातील मुले त्याला कुरवाळीत आणि तो मुकाट्याने कुरवाळून घेई. ज्या संताने मुलांच्या पळण्या-खेळण्याला शिक्षणात मानाचे स्थान दिले, त्याच्या अंगणात मुले आणि कुत्रा एकत्र असावेत, हे किती शोभून दिसते! अबोल मुलगा माणसांपाशी जे बोलत नाही, ते कुत्र्याच्या कानात सांगतो. कुत्रा ते ऐकून घेतो आणि कोणाला सांगत नाही.

आता आजीकडे वळू. तिचे भय खोटे म्हणणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे पिसाळण्याच्या रोगाने, म्हणजे रेबीजने मरतात. त्यांतील मोठा वाटा, तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिकच, आपल्या भारताचा आहे. मरणाऱ्या दर दहांतील चार ही पंधरा वर्षांखालील मुले असतात. माणसाला होणाऱ्या या रोगाचे ९९ टक्के प्रकार कुत्र्यापासून येतात. या रोगाचे विष चाव्याच्या जागेतून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकते. बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडा, कधी वर्षही लागते. ते मेंदूत पोहोचून लक्षणे दिसू लागली की मग जवळजवळ कोणताच उपाय चालत नाही. मूल उंचीने लहान असल्यामुळे चावा पुष्कळदा तोंडावर, मानेवर किंवा हातावर बसतो, आणि तेथून मेंदूचे अंतर थोडे. आजीच्या भावाचे जे झाले, ते असे झाले असणार.

परंतु आजीला हेही सांगितले पाहिजे की हा रोग झाल्यावर बरा होत नसला, तरी होण्यापूर्वी तो अडविता येतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम ही लस टोचविली आणि तो मुलगा वाचला. आपल्या देशात १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर संस्था निघाल्या. पोटात दिल्या जाणाऱ्या अनेक इंजेक्शनांची धास्ती जुन्या लोकांच्या मनात अजून आहे. त्या भयाने कित्येक जण दवाखान्याचे तोंड पाहत नाहीत आणि झाडपाल्यावर, मंत्रावर विसंबतात. ती जुनी लस २००५ सालापासून आपल्याकडे वापरात नाही. हल्लीची लस दंडात देतात, आणि सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य मिळते.

म्हणून प्रत्येक घराने पुढील गोष्टी पाठ कराव्यात. कुत्रा चावला किंवा त्याचा दात लागून ओरखडा निघाला, तर पहिले काम म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुणे. घड्याळ लावून धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल, राख यांपैकी काहीही तीत भरू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्यानंतर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लस पहिल्या दिवशी घेतल्यावर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा घ्यावी लागते. स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवशीही एक असते. डॉक्टर सांगतील ती एकही तारीख चुकवू नये. रक्त निघाले असेल तर लसीबरोबर जखमेत आणखी एक औषध भरावे लागते, त्याविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबणीवर टाकू नये.

आणि घरच्या कुत्र्यासाठी? पिल्लू आठ आठवडे तरी त्याच्या आईपाशी राहू द्यावे. ते तीन महिन्यांचे झाले की सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला रेबीजची लस टोचावी. दुसरी मात्रा डॉक्टर सांगतील त्या दिवशी, आणि मग दरवर्षी एकदा. त्याच्या पोटातील जंतांसाठी वेळोवेळी औषध द्यावे, कारण ते जंत मुलांच्या हातातोंडातून त्यांच्याही पोटात जाऊ शकतात. कुत्र्याशी खेळून आलेल्या मुलाने साबणाने हात धुतल्याखेरीज भाकरीला हात लावू नये, आणि कुत्र्याला तोंड चाटू देऊ नये. बकरा कापल्यावर त्याची आतडी-काळीज कुत्र्यापुढे टाकण्याची जी सवय आहे ती सोडावी; त्यातून एका वाईट कृमीचा फेरा सुरू होतो. पाच वर्षांखालील मुलाला कोणत्याही कुत्र्यापाशी, कितीही गरीब असला तरी, एकटे सोडू नये. कुत्रा खात असता, झोपला असता किंवा कुत्री पिल्लांना पाजीत असता तिच्या अंगाशी जाऊ नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये. झाडासारखे निश्चल उभे राहावे, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू नये. एवढे नियम शाळेतल्या कवितेसारखे मुलांकडून म्हणवून घ्यावेत.

आपल्याकडचा उन्हाळा हाही एक विचार आहे. वैशाखात आपल्या भागात पारा ४० अंशांच्या वर सहज चढतो. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो आपले अंग निववितो. म्हणून फेरी पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. ती पाच-सात क्षण टेकवत नसेल तर कुत्र्याच्या पायांनाही ते सोसवणार नाही. यातही मुलांचा लाभच आहे. ज्याला पहाटे उठावयाचे, त्याला रात्री वेळेवर निजावेच लागते.

या साऱ्या नियमांपेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. लस आहे, रुग्णालय आहे, मग मुले अजून का दगावतात? एक कारण असे की पुष्कळ मुले चावा लपवून ठेवतात. "सांगितलं तर मार बसेल," "सांगितलं तर कुत्र्याला हाकलून देतील," या भीतीने मूल बाहीखाली ओरखडा झाकते आणि गप्प राहते. जखम चार दिवसांत भरून येते, आईला पत्ताही लागत नाही, आणि आतल्या आत विष आपली वाट चालत राहते. ज्या घरात चूक कबूल केली की आधी चापट मिळते, त्या घरात हा धोका सर्वांत मोठा. म्हणून पिल्लू घरी आणण्यापूर्वी आईबापांनी मुलांना जवळ बसवून शब्द द्यावा: "ओरखडा निघाला, दात लागला, तर धावत येऊन सांगा. कोणी रागावणार नाही, आणि कुत्र्यालाही कोणी हाकलणार नाही." आणि दिलेला शब्द पाळावा. पापनिवेदनाच्या वेळी परमेश्वर आपले ऐकून घेतो, मग आपण आपल्या लेकरांचे ऐकून घ्यावयास नको काय?

शेजारधर्माचाही विसर पडू नये. बऱ्हाणपूर हे नाना जातिधर्मांचे गाव. आपल्या शेजारच्या मुसलमान बंधूंच्या घरी कुत्र्याच्या लाळेविषयी शुद्धतेचे कडक नियम असतात. आपला कुत्रा त्यांच्या ओट्यावर, नमाजाला निघालेल्या माणसाच्या अंगावर जाणार नाही, ही काळजी मुलांनीच घ्यावी. आपले प्रेम शेजाऱ्याला जाच होऊ नये, हा धडा मुलाला पुस्तकापेक्षा कुत्र्याच्या दोरीतून लवकर समजेल.

शेवटी खर्चाचा आणि प्रमाणाचा प्रश्न. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात याविषयी समतोल शिकवण आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मनुष्याला शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावे. परंतु माणसांवर करावयाचे प्रेम आणि गरिबांच्या दुःखनिवारणाला लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये. आपल्या गावठी कुत्र्याला तशी उधळपट्टी लागतही नाही. घरातली भाकरी, थोडे ताक, स्वच्छ पाणी, सावली आणि वर्षाची लस, एवढ्यावर तो आयुष्यभर इमान राखतो. मात्र ज्या घरात एवढेही करणे जमणार नाही, जेथे सगळे दिवसभर मजुरीला जातात आणि कुत्रा उपाशी भटकणार, त्या घराने पिल्लू आणू नये. हौस फिटली की रस्त्यावर सोडून देण्यापेक्षा न आणणे हेच दयेचे आहे.

तर मग पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमचा सल्ला असा. पिल्लू आणा, परंतु आजीला डावलून आणू नका. प्रथम तिच्यापाशी बसा. तिचा भाऊ कसा गेला, ते मुलांना तिच्या तोंडून ऐकू द्या. इतक्या वर्षांत तिला ते कोणी विचारलेही नसेल. त्याच्या आत्म्यासाठी त्या रात्री सगळ्यांनी मिळून जपमाळ म्हणा. आणि पिल्लाला पहिली लस टोचून आणाल, तेव्हा दवाखान्यातून मिळालेले कार्ड आजीच्या हाती द्या. पुढची तारीख केव्हा आहे, ती चुकली का, मुलांनी हात धुतले का, हे पाहण्याचे काम तिचे. तिच्याइतकी ही काळजी मनापासून वाहणारे दुसरे कोणी त्या घरात नाही. तोबियाच्या एका बाजूस कुत्रा होता आणि दुसऱ्या बाजूस राफाएल होता. तुमच्या घरात राफाएलाचे काम आजीच करील.

पुढील लेखात उन्हाळ्यात मुलांना पाणी किती व कसे द्यावे, याचा विचार करू. तोवर प्रभू आपल्या घरांना, आपल्या लेकरांना आणि दाराशी निजलेल्या मुक्या राखणदारांना सुखरूप ठेवो.